चुकेगुरुजी

आमच्या चौथीच्या गुरुजींना सगळं येत होतं, पण ते मुद्दाम चुकीचं शिकवत. गावानं त्यांना चुकेगुरुजी हे नाव ठेवलं होतं आणि ते त्यांना पदवीसारखं आवडायचं.

एकदा म्हणाले, "दोनापेक्षा चार मोठे, म्हणून अर्ध्यापेक्षा पाव मोठा. बरोबर?" मी सगळ्यांत पुढे बसायची, म्हणून सगळ्यांच्या आधी मान डोलावली. "मग घे मोठा!" माझ्याच भाकरीचा पाव मला मिळाला, अर्धी शेजारच्या शांतीला. उरलेला पाव त्यांनी स्वतः खाल्ला. अपूर्णांक माझ्या डोक्यात नाहीत, तेव्हापासून पोटात आहेत.

"मास्तर बोलला म्हणून खरं मानाल, तर उपाशी राहाल," असं ते म्हणत. शंका आली की "दाखवा!" ओरडायचं, हा वर्गाचा नियम. पटलं की म्हणायचं, "बरोबर. बसा."

गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढे चाकणला चालत जायचं. मला पाठवायचं की नाही, हे माझ्या वडिलांचं, आबांचं, ठरत नव्हतं. त्यातच तपासणीला दिपोटी साहेब आले. म्हणाले, "सव्वा आणि पाऊण मिळून दोन." बरोबरच होतं. पण सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "दाखवा!"

वर्ग गार! गुरुजींनी गुपचूप आपल्या डब्यातल्या दोन भाकरी पुढे केल्या. साहेबांनी बिचाऱ्यांनी तुकडे मोडून, जुळवून दाखवले. मी नीट पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर. बसा."

संध्याकाळी आबा कडाडले, "सायबाला 'बसा' म्हनती? बास झाली शाळा!" मी दाराआड मुसमुसत होते. तेवढ्यात गुरुजी आले. वाटलं, माझी बाजू घेतील.

"आबा, तुमचंच खरं. हिला पाचवी झेपायची नाही. चाकणच्या पोरांपुढे आपल्या गावची पोर कुठली टिकायला?"

"का न्हाई टिकायची?" आबा उसळले. "दिपोटीला भाकरी मोडाया लावली माज्या पोरीनं! चाकनची पोरं काय आभाळातनं पडली व्हय?"

"बघा बुवा. मला नाही वाटत."

"तुमी ऱ्हाऊ द्या, गुरुजी. शाळा उघडू द्या, मी सोता सोडतो तिला!"

गुरुजी पडल्या चेहऱ्यानं उठले. दाराशी मला पाहून कुजबुजले, "आज तेवढी गप्प बस."

मी पाचवीत गेले आणि गुरुजींची बदली झाली. पुन्हा भेट नाही. आबा मात्र शेवटपर्यंत येईल त्याला ऐकवत, "मास्तर नगं म्हनत व्हता, तरी मी पोरीला शिकवली." घरात सगळ्यांच्या चुका काढण्यात मी बदनाम आहे, पण आबांची ही चूक मी एकदाही दुरुस्त केली नाही.