निकालानंतरचा सामना

जागतिक क्रमवारीत सहाशे चाळिसावा असलेल्या या टेनिसपटूला सगळे 'डिंक' म्हणत, कारण हरतानाही तो समोरच्याला तीन तास सोडत नसे. देशाच्या संघात तो नऊ वर्षं होता, पण राखीव म्हणूनच. मोठ्या खेळाडूंना सराव द्यायचा आणि त्यांचे टॉवेल सांभाळायचे. चौतिसाव्या वर्षी देशासाठी पहिला सामना मिळाला, तोही पाच सामन्यांच्या लढतीत संघ चार-शून्यने हरून बसल्यावर, शेवटचा, नावापुरता.

"डिंक्या, अर्ध्या तासात आटप रे बाबा," कप्तान म्हणाला, "बस उभी आहे."

"दादा, नऊ वर्षं मी वाट पाहिली. आज तुम्ही पाहा."

पहिला सेट गेला. पायांत गोळे आले. प्रेक्षकांत बायको आणि झाडूवाला एवढेच उरले.

"अहो, हरायचंय तर लवकर हरा, नाहीतर जिंका तरी!" बायको ओरडली.

डिंकाने दुसरा सल्ला मानला. प्रत्येक चेंडू परत, परत आणि पुन्हा परत. शेवटी समोरच्या तरुणाने वैतागून चेंडू जाळ्यात मारला आणि फलकावर देशाच्या नावापुढचं शून्य जाऊन तिथे एक आला.

डिंक मातीत आडवा पडला. बायको मोबाइल घेऊन धावली.

"अगं, माझा नको! आधी फलकाचा फोटो काढ, आकडे उतरवायच्या आत!"