उपासाच्या दिवशी थेंब नाही

मावशी गेल्याचा फोन काकांनी आईला केला, तेव्हा मी शेजारीच बसले होते. बरखेड्याच्या बाजारातून येताना ती रस्ता ओलांडत होती, डावीकडून स्कूटर आली, तिला ती दिसलीच नाही... एवढं सांगून काका थांबले आणि मग म्हणाले, "पण एकादशीला गेली गं. पुण्यवान." पुढच्या काही आठवड्यांत हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं, की कुणी सुरुवात केली तरी मी उठून आत जायचे. भेटायला आलेल्या शेजारणी हिंदीत तेच म्हणायच्या, "इतने व्रत-उपवास किए, भगवान ने सीधा बुला लिया." तिच्या डोळ्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. म्हणून मी लिहिते आहे.

शालूमावशी आईची मोठी बहीण. काका, म्हणजे तिचे यजमान, कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्तीनंतरही त्यांनी बरखेड्याजवळच घर घेतलं. शाळेच्या सुट्ट्या मी तिच्याकडेच काढल्या. मी फारशी बोलत नसे आणि मावशीला त्याचं काही वाटत नसे. शेंगदाणे सोलत आम्ही दोघी कितीही वेळ गप्प बसू शकायचो. तिला काचबिंदू निघाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज एक थेंब, ठरलेल्या वेळी, आयुष्यभर. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची. मावशीनं लगेच वेळ ठरवली: संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की थेंब. मला ते फार आवडलं होतं. दिवा ती कधीच विसरणार नव्हती.

थेंब टाकल्यावर थोड्या वेळानं घशात कडू लागायचं आणि ती पदराचं टोक ओठांवर धरून तोंड वाकडं करायची. एका सोमवारी ते पाहून काका हसत म्हणाले, "कडू लागलं म्हणजे पोटात गेलं. मोडला की तुझा उपास!" त्यांची थट्टाच होती. मावशीनं ती मनावर घेतली. हे सोमवार तिनं काकांच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी धरले होते; ते बरे झाले, सोमवार सुटले नाहीत. शिवाय गुरुवार, चतुर्थी, एकादशी होत्याच. त्या सगळ्या दिवशी दिवा लागायचा आणि थेंबांची बाटली फ्रिजच्या दारात तशीच राहायची. काकांनी स्वतः कधी उपास केला नाही. तिच्या उपासाची साबुदाण्याची खिचडी मात्र ते दोनदा वाढून घ्यायचे.

एकदा मी तिच्याबरोबर तपासणीला गेले. डोळ्यांतला दाब वाढला होता. "रोज़ डालती हैं न, माताजी?" डॉक्टरांनी विचारलं. "जी, रोज़," मावशी म्हणाली, आणि तिच्या मते ते खरंच होतं. उपासाचे दिवस ती हिशेबात धरतच नव्हती. मी खाली बघत म्हटलं, "व्रत के दिन नहीं डालतीं." डॉक्टर चिडले नाहीत. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा, मग औषध घशात फारसं उतरत नाही, हे त्यांनी तिला करून दाखवलं. घरी काकांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "वा! आता कॉन्व्हेंटवाल्या आम्हाला उपास शिकवणार!" मावशीही हसली. "फारसं उतरत नाही म्हणजे थोडं उतरतंच ना गं?" ती मला म्हणाली. पुढच्या तपासणीला तिनं मला नेलं नाही.

मग तिच्या रांगोळीची डावी बाजू वाकडी यायला लागली. चहा कपाच्या शेजारी ओतला जायचा. "लक्ष कुठे असतं तुझं?" काका विचारायचे, आणि ओटा पुसत ती म्हणायची, "म्हातारी झाले." दुखत काही नव्हतं, त्यामुळे कुणाला काळजीही वाटत नव्हती. मी आणखी एकदा बोलले, फोनवर. "अगं, तुझ्या काकांसाठीच तर करते," ती म्हणाली. मला अजून काकांचा राग येतो... तिचासुद्धा.

काचबिंदू घराण्यात उतरू शकतो, म्हणून गेल्या आठवड्यात मी आईला तपासून आणलं. तिलाही निघाला. आता आमच्या अरेरा कॉलनीतल्या घरी तिच्या डोळ्यांत थेंब मी टाकते. काल ती खुर्चीत मान मागे टाकून बसली, मी बाटली उघडली, आणि तिनं अगदी मावशीच्या पद्धतीनं पदराचं टोक ओठांवर धरलं.

"आज राहू दे गं," ती म्हणाली. "चतुर्थी आहे. ताईनं कधी मोडला नाही."

"मग तू मोड," मी म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा निघेल असं आम्हा दोघींनाही वाटलं नव्हतं. आईनं मान सरळ केली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे पहिला थेंब गालावरून ओघळून गेला. मी दुसरा टाकला.