टोमॅटो वाजायच्या आत

नाना बोलायला उभे राहिले की आधी खिशातून लाल टोमॅटो काढून समोर ठेवत. खरा नव्हे, अंडी उकडताना वेळ लावतात ते टोमॅटोच्या आकाराचं प्लास्टिकचं घड्याळ. पीळ देऊन ते तीन मिनिटांवर लावायचं आणि खणखणायच्या आत बोलणं संपवायचं, हा त्यांचा नेम. आमच्या गावात स्कूल बोर्डाच्या सभेत कोणाही नागरिकाला माइकवर तीन मिनिटं मिळतात. निवृत्तीनंतर नानांनी एकही सभा सोडली नाही, आणि होता होता त्यांना सगळंच तीन मिनिटांत बोलायची सवय लागली. मुंजीतला आशीर्वाद असो की घरोघरून डबे आणून केलेल्या पॉटलक जेवणात सरकारच्या नव्या धोरणावरचं भाष्य, भाजीच्या डब्यांमध्ये टोमॅटो टिकटिकत असे. पोरं त्यांना टोमॅटोकाकाच म्हणत.

मिनिआपोलिसच्या बाहेर, ईडन प्रेरीपासून थोडं पुढे आमचं उपनगर आहे. पंप बनवणाऱ्या कंपनीत नानांची सगळी नोकरी झाली, मराठी मंडळात माझी अध्यक्षपदं. आमच्या मंडळात नाना म्हणजे एकटा कॉन्झर्व्हेटिव्ह, असं सगळे समजत. नानाही ते लपवत नसत. "सरकार म्हणजे पाहुणा आहे," ते म्हणत. "पाणी द्या, चहा द्या, पण बेडरूम दाखवू नका. एकदा पाय पसरले की उठत नाही." सीमेचा विषय निघाला की त्यांचा आवाज थोडा चढे. ग्रीन कार्डासाठी त्यांनी निम्मी नोकरी वाट पाहण्यात घालवली होती. "रांग मोडणाऱ्याला आत घ्यायचं आणि रांगेतल्याला नवा कागद आणायला पिटाळायचं, याला दया म्हणत नाहीत. ज्या देशाला दार नाही, त्यात यायला मी कशाला एवढा थांबलो असतो?"

पण त्यांच्या पक्षाचे लोक त्यांना पुरते आपले मानत नसत, कारण नाना तिथेही गप्प बसत नसत. वॉशिंग्टनमध्ये त्यांच्याच बाजूचं सरकार आलं आणि खर्च काही थांबेना, तेव्हा पक्षाच्या पिकनिकमध्ये हॉटडॉग हातात धरून त्यांनी टोमॅटो लावला होता. "आपल्या माणसांनी काढलं म्हणून ते कर्ज नसतं का?" पुढच्या वर्षी त्यांना पिकनिकचं बोलावणं आलं नाही. तरी ते गेले. हॉटडॉगही खाल्ला.

आमच्या मंडळात एक नियम होता, मीच केलेला: इथे राजकारण नको. नानांनी तोंड उघडलं की मी हसत हसत तो नियम वाचून दाखवायचो आणि लोक टाळ्या पिटायचे. मात्र एका दिवाळीला दुसऱ्या पक्षाच्या उमेदवारबाई आल्या तेव्हा मी त्यांना शाल-श्रीफळ दिलं, त्यांनी स्टेजवरून मतं मागितली, आणि ते कोणाला राजकारण वाटलं नाही. नाना पार्किंगमध्ये भेटले. "अध्यक्ष, नियम चांगला आहे तुमचा. एकाच कानानं ऐकतो, एवढंच."

मी हसलो. खरी गोष्ट अशी की मीही नानांच्याच बाजूला मत देत आलो होतो. बायकोखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. मंडळातली तरुण मंडळी काय म्हणतील, ही भीती. नानांना ते कळलं होतं का, मला माहीत नाही. पण मला ते कधी एकटं सोडत नसत, एवढं खरं.

मग शाळेतल्या अ‍ॅडव्हान्स्ड मॅथचं प्रकरण आलं. मिडल स्कूलमधले पुढचे गणिताचे वर्ग बंद करायचे आणि सगळ्यांना एकाच वर्गात बसवायचं, असा प्रस्ताव बोर्डापुढे आला. कारण काय, तर समानता. आमच्या घराघरांत खळबळ उडाली आणि आम्ही आमच्या स्वभावाप्रमाणे वागलो: कोणी काही बोललं नाही, सगळ्यांनी गुपचूप ट्यूशन लावल्या. "यार, आपण कशाला पडायचं यात?" हे मी दहा तोंडांतून ऐकलं. त्यातलं एक तोंड माझं.

नाना पहिल्या सभेत बोलले. "मागे पडलेल्या मुलाला हात द्या. पुढे चाललेल्याचा पाय कशाला ओढता?" तिथे टाळ्या वाजवायची परवानगी नसते, ज्यांना पटलं त्यांनी नुसतं उभं राहायचं, अशी रीत. नाना मागे वळले आणि म्हणाले, "ज्यांना पटतंय त्यांनी उभं राहावं." मागच्या दोन रांगा आमच्याच लोकांनी भरल्या होत्या. सगळे कोट मांडीवर घेऊन बसून राहिले. त्यांतल्या पहिल्याच खुर्चीवर मी होतो. मी उठलो असतो तर बाकीचे उठले असते. मी बुटाची नाडी बांधत होतो.

नाना रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात बर्फाचे बूट आपटत उभे. "अध्यक्ष, चूक माझी. मी एकटाच बोलत सुटतो. म्हाताऱ्या माणसाचं गाऱ्हाणं वाटतं ते. ज्यांची मुलं आहेत त्यांनी बोलायला हवं. वॉशिंग्टनकडे बघत बसू नका. कोपऱ्यावरची शाळा आपली आहे, तिच्यासाठी कोपऱ्यावरच बोलायचं." आणि त्यांनी घरोघरी फिरायला सुरुवात केली. प्रत्येक स्वयंपाकघरात टोमॅटो ठेवून ते आयांकडून बोलायचा सराव करून घेत.

शिल्पा नागपूरची, सॉफ्टवेअरमध्ये. तिची मुलगी रिया सहावीत. मी नानांबरोबर तिच्याकडे गेलो होतो.

"काका, मी एच-वन व्हिसावर आहे. बोललं तर काही प्रॉब्लेम नाही ना होणार?"

"पोरी, मत द्यायला सिटिझनशिप लागते. बोलायला व्हिसा लागत नाही. हीच तर या देशाची गंमत आहे."

"पण काय बोलू? सगळे म्हणतील, हे इंडियन लोक, मार्कांच्या मागे लागलेले."

रिया आतून ओरडली, "मॉम, टेल देम अबाउट एमा!"

एमा रियाच्या वर्गातली. तिचे वडील गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ काढणारा ट्रक चालवतात. गणितात ती रियाच्या पुढे. नाना एकदम खुर्चीत पुढे सरकले. "हे बोल. बाकी काही बोलू नकोस."

दुसऱ्या सभेला हॉल भरला. नाना पुढच्या रांगेत बसले, पण त्यांनी बोलणाऱ्यांत नावच दिलं नव्हतं. शिल्पा माइकजवळ गेली. इंग्रजीत ती म्हणाली ते मला आजही आठवतं. तुम्ही वर्ग बंद केलात तरी माझी मुलगी गणित शिकेल. मी ट्यूशन लावलीसुद्धा. पण एमाच्या घरी ते परवडणार नाही. म्हणजे समानतेच्या नावाखाली तुम्ही माझ्या मुलीला पुढे पाठवताय आणि एमाला थांबवताय.

बोर्डाच्या अध्यक्षबाईंनी लिहिणं थांबवलं. शिल्पा वळली. "इफ यू अ‍ॅग्री, प्लीज स्टँड."

मी उभा राहिलो. गुडघा कटकन वाजला, तो अख्ख्या हॉलला ऐकू गेला असेल. मग आमच्या रांगा उठल्या, मग गावातल्या सोमाली आया उठल्या, मग बियाणं कंपन्यांच्या टोप्या घातलेले गोरे शेतकरी बाप, आणि शेवटी दाराजवळ कामाच्या केशरी जॅकेटमध्ये उभा असलेल्या एमाच्या बापानं टोपी काढली. नाना सगळ्यांत शेवटी उठले. आधी त्यांनी मागे वळून पोटभर बघून घेतलं.

प्रस्ताव पडला. ज्यांनी तो मांडला होता त्यांच्यापैकीही एक जण विरोधात गेला. वर्ग राहिले, शिवाय मागे पडणाऱ्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर मोफत गणित सुरू झालं, तेही नानांच्याच सूचनेवरून. तिथे शिकवायला पहिले नाना गेले. टोमॅटो घेऊन.

गुढीपाडव्याला मंडळानं या विजयाबद्दल शाल दिली, ती मला. अध्यक्षांच्या नेतृत्वाखाली, वगैरे. मी ती घेतली. नानांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. "शोभते हो," नंतर ते म्हणाले. "पण उभं राहिल्यावर जास्त शोभत होतात."

गेल्या थंडीत नाना गेले. मंडळानं शोकसभा ठेवली. आधीच्या वक्त्यांनी त्यांच्या प्रेमळपणाबद्दल, त्यांच्या पिठल्याबद्दल सांगितलं. मतांबद्दल अक्षर नाही. मी उठलो, नानांच्या घरून मागून आणलेला टोमॅटो लावला आणि ती शाल त्यांच्या फोटोला घातली. सांगितलं की ही त्यांची होती. सांगितलं की मी कायम त्यांच्याच बाजूला मत देत आलो आणि त्यांना एकटं पाडून हसत आलो.

मागून कोणीतरी म्हणालं, "अध्यक्ष, इथे राजकारण नको."

"नानांमधून राजकारण काढलं तर नुसता टोमॅटो उरतो," मी म्हणालो. "तो नियम मी केला होता. आज मीच काढून टाकतो. दोन्ही बाजूंनी बोला, पण इथे बोला. ज्यांना पटतंय त्यांनी उभं राहावं."

पहिली शिल्पा उठली. ती नानांच्या विरुद्ध पक्षाची. तिनं ते नानांना तोंडावर सांगितलेलं होतं. तिच्यामागून खुर्च्या सरकल्याचे आवाज येत राहिले, आणि टोमॅटो अजून वाजला नव्हता.