भरून ठेवलेला तलाव

दुर्गे गेल्याची बातमी मला एसटीच्या कंडक्टरने आणून दिली. गडचिरोलीच्या आमच्या पाटबंधारे ऑफिसात दुपारचा चहा चालला होता आणि त्याने खिडकीतूनच चिठ्ठी आत सरकवली. ‘दुर्गे सर काल सकाळी गेले. हृदयविकार. संध्याकाळी उरकलं.’ बस, एवढंच. अशा वेळी म्हणे माणसाला रडू फुटतं. मला राग आला. दुर्गेचाच राग आला. आमची तलाव मोजायची तारीख पंधरा दिवसांवर आली होती, आणि हा माणूस न सांगता निघून गेला... त्याला आता दीड महिना होत आला. राग काही उतरला नाही. उलट तो कुणाकुणावर आहे, हे आता नीट कळायला लागलं आहे, म्हणून लिहायला बसलो.

प्रल्हाद दुर्गे आणि मी एका गावचे, मूलच्या पलीकडच्या धानपट्ट्यातले. मूलच्या शाळेत आम्ही सोबत पायी जायचो. आमच्याकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात. माझ्या घरच्या बांध्या तलावाच्या तोंडाशी, दुर्गेच्या घरच्या अगदी टोकाला, जिथे पाणी सगळ्यांचं झाल्यावर पोचतं, आणि पोचलं तर पोचतं. त्याच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव बाहेर काढले, पोरांना शिकवलं, पण बांध्या काही टोकावरून हलल्या नाहीत. पुढे तो चंद्रपूरच्या कॉलेजात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि मी ओव्हरसियर झालो. त्याचं इंग्रजी अस्खलित होतं. माझं साहेबापुढे मान डोलावण्यापुरतं.

सुट्टीत गावी आला की मूलच्या राइस मिलच्या ओट्यावर त्याचा वर्ग भरायचा. त्या सुमाराला देशाने बाहेरच्या एका निधीकडून मोठं कर्ज काढलं होतं, आणि देश विकला म्हणून पेपरवाले ओरडत होते. दुर्गे ओरडणाऱ्यांतला नव्हता. धान भरडायला आलेल्या माणसांना तो शांतपणे समजावायचा, “बाहेरून तेल घ्याले आपला रुपया चालत नाई, डॉलर लागते. डॉलर सरले त तेल बंद, खत बंद, औषध बंद. मंग भाव असे चढते का पिशवीभर नोटा नेल्या तरी पिशवीभर सामान येत नाई. असं कोण्या देशावर येऊ नये म्हणून सगळ्याइनं मिळून तो निधी ठेवला. अडल्या वेळी तिथून घ्याचं, पण त्याच्या अटी पाळा लागते.” कुणीतरी विचारायचं, “आन् ते बँक म्हणते ते?” “ते वायली. ते धरणं, कालवे, रस्ते यासाठी देते, लांब मुदतीनं.” सांगताना त्याचा चेहरा असा खुलायचा, की निधी आणि बँक दोन्ही याच्या सख्ख्या मामांची आहेत असं वाटावं. मी त्याला तसं चिडवायचोही. तो चिडायचा नाही. गरीब देशाचा पैसा बुडाला तर शेजाऱ्यालाही पाण्यात ओढतो, हे जगाला दोन लढायांनंतर कळलं, असं तो मनापासून मानायचा.

मग एक दिवस ती बँक आमच्याच गावात यायची ठरली. चंद्रपूर-गडचिरोली जिल्हा तेव्हा अजून एकच होता. जुने तलाव दुरुस्त करायला बँक सरकारला कर्ज देणार होती, आणि कोणते तलाव घ्यायचे हे पाहायला तिची माणसं फिरणार होती. आमच्या ऑफिसने पाठवलेल्या यादीत आमच्या गावाचा तलाव होता. मातीची पाळ ठिकठिकाणी झिरपत होती, गाळ गळ्याशी आलेला, आणि तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दगडी तोंड, एका बाजूने खचलेलं. कोजागिरीच्या सुमाराला, भारी, म्हणजे उशिरा पिकणारं धान दाणा धरतं नेमकं तेव्हा, तलावात जेमतेम कंबरभर पाणी उरायचं आणि टोकाच्या बांध्या दरवर्षी तोंड वासून बसायच्या. असा तलाव त्या बँकेला हवाच होता. दुभाषी म्हणून दुर्गेला बोलावलं होतं. महिनाभर आधी त्याने गावात सभा घेऊन सांगितलं, “बँक येऊन राह्यली. तलाव पाहून पैसे देईल.” डॉलरपासून व्याजापर्यंत सगळं सांगितलं. एक गोष्ट सांगायची राहिली. ही बँक फुटकं पाहून पैसे देते, हे तो बोललाच नाही. त्याला वाटलं, ते तर उघडच आहे.

गावाला मात्र बँक म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं. तालुक्याच्या सोसायटीत ज्याचं शेत हिरवं त्याला मिळायचं, ज्याचं वाळलेलं त्याला चहासुद्धा कुणी विचारत नसे. सोमाजी आमच्या गावचा पाणकर, बांध्या-बांध्यांना पाणी वाटून देणारा. हे काम त्याच्या घरात चार पिढ्यांचं. तो माझ्याकडे आला. “साहेब, पाहुणे येतपर्यंत तुडूम बंद ठेवतो. भरला तलाव दिसला पाह्यजे. रिकाम्या घराले कोन देते?” मी सरकारी माणूस. तलाव नादुरुस्त म्हणूनच यादीत आहे, हे मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, “ठेव ना.” साहेबालाही भरलेला तलाव आवडेल, असं माझ्या मनात आलं. माझ्या घरच्या बांध्यांचं पाणी तोवर होऊन गेलं होतं, हेही आता लिहूनच टाकतो.

दहा दिवस तुडूम बंद राहिलं. पाळीच्या भेगांत पेंढा आणि चिखल ठासला, सांडव्यावर मातीची पोती रचली, जंगलातून येणाऱ्या नाल्याचं पाणी सगळं अडवलं. तलाव असा टिच्च भरला, की म्हातारी माणसंसुद्धा पाळीवर येऊन बघत उभी राहिली. टोकाच्या माणसांनी ते चालू दिलं. तलाव दुरुस्त झाला तर पहिला फायदा आपलाच, असं त्यांना सोमाजीने पटवलं होतं.

जीप आली. गोरा पाहुणा सभ्य होता, हात जोडून नमस्कार करत होता. दुर्गे उतरला, त्याने तलाव पाहिला, मग पाळीच्या खालचा कोरडा पाट पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टर उघडून त्यात मान घातली. पाहुण्याने काहीतरी विचारलं. दुर्गे सोमाजीला म्हणाला, “भाऊ, दरसाल या दिवसांत एवढंच पाणी राह्यते काय, असं इचारून राह्यले ते.”

“राह्यते ना!” सोमाजी छाती काढून म्हणाला. “दरसाल राह्यते. आमचा तलाव कधी आटला नाई म्हणा त्याइले!”

दुर्गे पुन्हा त्या कोरड्या पाटाकडे पाहू लागला. मागून आमचे वरचे साहेब म्हणाले, “सांगा ना प्रोफेसर, वेळ होतोय.” आणि दुर्गेने सांगितलं. सोमाजी बोलला तेच, इंग्रजीत. पाहुण्याने कौतुकाने मान हलवून वहीत लिहिलं. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, ‘तलाव भरलेला.’ मग सगळे झिंगे-भात जेवले. पंचवीस पावलं खाली उतरून कुणी तो कोरडा पाट पाहिला नाही. टोकाच्या एकाही माणसाला कुणी काही विचारलं नाही. एवढ्या देशांचा पैसा जिच्या हातात, त्या बँकेच्या माणसाला आमच्या गावासाठी अर्धा तास होता, आणि तोही जेवण धरून!

यादी आली तेव्हा आमचा तलाव तिच्यात नव्हता. शेरा होता, स्थिती समाधानकारक. पैसे दुसरीकडे गेले. टोकाच्या बांध्यांत लोंब्या पांढऱ्या पडल्या, आत दाणाच नाही. दुर्गेच्या थोरल्या भावाने उभं धान कापून बैलांना घातलं आणि त्या सालापासून तो माझ्याशी बोलला नाही. बरोबरच केलं त्याने. सोमाजीने मात्र दुर्गेला विचारलं, “प्रल्हाद, तुले ठावं होतं त मले तिथंच काऊन नाई टोकलं?” दुर्गे म्हणाला, “परक्या मानसासमोर तुमाले खोटं पाडू काय, भाऊ?”

दुसऱ्या वर्षी त्याच तारखेला तो बांबूची काठी घेऊन चंद्रपूरहून आला. काठीवर वीतवीत अंतराने खाचा केलेल्या. तुडुमाजवळ पाण्यात उतरला, काठी टेकवली, मोजलं आणि घरी जाऊन बँकेला पत्र टाइप केलं. त्यात लिहिलं, तलाव त्या दिवशी भरलेला नव्हता, भरून ठेवलेला होता. दुभाषी मी होतो. चूक माझी आहे. आजचं पाणी इतकं आहे, कृपया पुन्हा येऊन पाहा... असं सात वर्षं. एकदा छापील आभार आले, तेवढंच. मी त्याच्यावर उखडायचो. “काऊन लिहितेस बे त्या बहिऱ्याइले? आन् चूक तुझी एकट्याची कशी?” तो म्हणायचा, “अनंता, डॉक्टरले आपण खोटी नाडी दाखवली. डॉक्टरले शिव्या देऊन काय फायदा?” मला हे कधीच पटलं नाही, आजही पटत नाही. नाडी पाहायला मनगट धरावं लागतं, आणि तो डॉक्टर तर दारातूनच परत गेला होता. पण त्या सात वर्षांत त्या पत्राखाली माझीही सही असावी, असं दुर्गेने कधी म्हटलं नाही आणि मीही कधी म्हटलं नाही. नोकरी होती ना! रजिस्टर माझ्याच कपाटात होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर त्याच्या बायकोने मला ती काठी दिली. म्हणाली, “तुमीच ठेवा. इथी कोनाले समजते तिचं.” त्या तारखेला मी एकटाच गावी गेलो. सोमाजी आता डोळ्यांनी गेला आहे, तो पाळीवर बसून राहिला. मी पॅन्ट दुमडून पाण्यात उतरलो. काठी टेकवायच्या जागेवर दगडावर दुर्गेने छिन्नीने गोल खूण करून ठेवली आहे, ती पायाला लागली. पाणी तिसऱ्या खाचेपर्यंतही नव्हतं. वरून सोमाजीने विचारलं, “किती हाय रे प्रल्हाद?” मी दुरुस्त केलं नाही. आकडा सांगितला.

घरी येऊन बँकेला पत्र लिहिलं. टाइप येत नाही म्हणून हाताने. रजिस्टरमधल्या त्या ओळीची नक्कल उतरवली आणि खाली लिहिलं, हे मी खोटं लिहिलं होतं. नाव, हुद्दा, सही. एक प्रत वरच्या साहेबांना. इंग्रजी मला जमत नाही, म्हणून सगळं मराठीत लिहिलं. वाचायचं असेल तर आता त्यांनी दुभाषी शोधावा. आमचा मेला.