बोटभर उरलेलं पातं

त्या बाईचं नाव मला माहीत नाही, पण ती आठवली की माझाच संताप येतो.

वडील सुतार होते. त्यांच्या पेटीत सापडलेलं एक गंजलेलं, वाकडं पातं घेऊन मी पाटसला रस्त्याकडेच्या लोहाराकडे गेलो. तो सांडशीत लोखंड धरून बसला होता, बायको घण घालत होती.

"मामा, हे वडिलांचं हत्यार. कशाचं ते कळत नाही, पण नीट करून द्या."

बाईनं घण ठेवला, पातं हिसकावलं, लाकडी मुठीवर झिजून पडलेल्या खळग्यात स्वतःचा अंगठा बसवून पाहिला आणि भडकली. "खुरपं हाय हे! झिजून एवढंसं ऱ्हायलंय. तुमचा बाप बसायचा व्हय खुरपायला?"

आई जन्मभर लोकांच्या रानात खुरपायला जायची.

बाईनंच ते ठोकून, धार लावून माझ्या हातात दिलं. आणि मी म्हणालो काय? "मामा, झकास काम केलंत!"