एलिदाचा इंग्रजी प्रश्न

होंडुरासमधल्या ग्रासियासच्या बाजारात एलिदाच्या हातच्या बालेआदा, म्हणजे राजमा भरून दुमडलेल्या रोट्या, खाल्ल्या नाहीत असा माणूस शोधून सापडायचा नाही. पण गेले काही महिने बाईचं तव्यावर लक्ष होतं कुठे! रोटी करपायची आणि ही पुटपुटत असायची, "गेट अप, गिव्ह अप, ग्रो अप..."

"एलिदे, रोटीला इंग्रजी येत नाही गं, उलट तिला!" शेजारचा न्हावी रोसेन्दो ओरडायचा. चर्चमागच्या इंग्रजीच्या वर्गाला तोही जायचा, परदेशी गिऱ्हाईक गाठायला. एलिदाला गिऱ्हाईक नको होतं. तिला लेकीशी बोलायचं होतं.

नवऱ्याचा खून झाला तेव्हा यारेली जेमतेम चालायला लागली होती. धाकटी बहीण नोएमी तिला घेऊन ह्यूस्टनला गेली. पोर तिकडेच वाढली, स्पॅनिशचा गंध नाही. रविवारी फोनवर तिचा चेहरा दिसायचा, आणि मधे दुभाषी नोएमी. "ताई, ती म्हणते, तुझी फार आठवण येते." आता पंधराव्या वाढदिवसाला यारेली येणार होती; इकडे पोरींचा तो वाढदिवस लग्नासारखा थाटात करतात. गुलाबी झगा शिवून तयार होता.

वर्गाचं तिने बहिणीला मुद्दामच सांगितलं नव्हतं. मास्तर ओस्मिन शिकवायचे, "लुक म्हणजे बघणं. पुढे आफ्टर लागलं की सांभाळणं, फॉर लागलं की शोधणं."

"अहो मास्तर, एवढंसं शेपूट लागलं की अख्खा अर्थ फिरतो? ही काय रीत झाली!"

"आणि लुक फॉरवर्ड टू म्हणजे आतुरतेने वाट बघणं."

हे मात्र तिला एका फटक्यात पाठ झालं. एवढी वर्षं तिने दुसरं केलं काय होतं? मग जोडीजोडीने प्रश्न विचारायचे.

"रोसेन्दो, आर यू लुकिंग फॉरवर्ड टू युवर वाइफ्स सूप?"

"नो!" तो किंचाळायचा, आणि वर्गभर हशा.

त्या रविवारी तिने केस नीट बांधले, घसा खाकरला. "यारेली, आर यू लुकिंग फॉरवर्ड टू कमिंग हिअर?"

नोएमी चाटच पडली. "अगंबाई! हे कुठून पाठ केलंस, ताई?"

यारेलीने खांदे उडवले. "नॉट रिअली. मॉम इज मेकिंग मी. कॅन आय हँग अप नाऊ?"

"ती म्हणते," नोएमी घाईघाईने म्हणाली, "कधी एकदा येते असं झालंय."

एलिदाला सगळं कळलं. पोरीला यायचं नाही. मॉम बळेच धाडतेय, आणि मॉम म्हणजे नोएमी. फोन ठेवायची घाई झालीय. इतक्या वर्षांच्या त्या "फार आठवण येते" कोणाच्या होत्या, तेही कळलं. बहिणीवर रागवावं तर तेही होईना. तिने तरी बिचारीने काय सांगायचं होतं? काळीज फाटलं एलिदाचं, दुसरं काय!

तरी ती हसली. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, कॉल ऑफ म्हणजे रद्दच करणं. दुसरा शब्द काही तिच्या तोंडून निघेना.

"यारेली, वी पुट इट ऑफ. ओके? नो कम नाऊ."

पोरगी एकदम फोनच्या जवळ आली. "रिअली? ओह, थँक यू, एलिदा!"

इतकं मनापासून हसताना आईने तिला कधी पाहिलंच नव्हतं.