स्टेलाबाईंचा डबा

रिकामा डबा परत देणारी माणसं बोगादीच्या नागरत्नाबाईंच्या डोक्यात जायची. शेजारच्या स्टेलाबाई वारल्या, तेव्हा त्यांचा नाताळच्या फराळाचा डबा यांच्याकडेच राहिला होता. बाईंनी तो करंज्यांनी भरून शवपेटीत ठेवला, मगच पेटी पुरू दिली.

यंदा नाताळला स्टेलाबाईंच्या मुलीने मेलबर्नहून व्हिडिओ कॉल केला. तिकडे रणरणता उन्हाळा. टेबलावर गार कोळंबी, आंबे, क्रीमचा केक आणि मधोमध तोच डबा, झाकणावर स्टेलाबाईंचं नाव कोरलेला.

"आंटी, साखरेत घोळलेले कलकल, अगदी मम्मीसारखे! कुणाबरोबर पाठवलेत? दारात ठेवून गेले. अजून गरम आहेत."

नागरत्नाबाईंनी झाकणावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

"खा. पण डबा रिकामा ठेवू नकोस. काहीतरी भरून दारात ठेव. ती न्यायला येईल."